ताऱ्यांची ‘मर्यादा’ : एका पारिभाषिक शब्दाचे परीक्षण

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने ताऱ्यांच्या वस्तुमानासंबंधी लिहावे ह्याचे वाचकांस थोडे नवल वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून लेखाचे प्रयोजन प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी शास्त्रीय गद्यातील प्रतिशब्दांवर एका विद्यार्थिनीने लिहिलेली प्रबंधिका माझ्याकडे परीक्षणासाठी आली होती. तिच्या परिशिष्टात महावस्तुमानी ताऱ्यांच्या निर्मितीसंबंधीच्या तीन इंग्रजी उताऱ्यांची भाषांतरे होती. तिन्हींत वस्तुमानाच्या वरच्या टोकासाठी एकच इंग्रजी शब्द आला होता आणि तिने तिन्ही ठिकाणी ‘मर्यादा’ हा एकच प्रतिशब्द योजला होता. एका संज्ञेस एक प्रतिशब्द, हा परिभाषेचा पहिला नियम आपण वर्गात शिकवतो. मी समासात ‘योजना सुसंगत’ असा शेरा लिहिला आणि गुण दिले. पुढे अन्य कामानिमित्त ते उतारे सावकाशीने वाचण्याचा प्रसंग आला, तेव्हा ध्यानात आले की तिन्हींतील विधाने एका जातीची नाहीत. अमुक वस्तुमानापुढे तारा टिकू शकत नाही, असे पहिल्यात म्हटले होते. अमुक वस्तुमानापुढे तो घडू शकत नाही, असे दुसऱ्यात. आणि तिसऱ्यात, अमुक वस्तुमानापुढचा तारा आढळलेला नाही, एवढेच. तीन निरनिराळी क्रियापदे एका नामाखाली झाकली गेली होती आणि त्या झाकण्यालाच मी सुसंगती म्हटले होते. प्रस्तुत लेख ही त्या शेऱ्याची दुरुस्ती होय.

दोष विद्यार्थिनीचा नव्हता, हे उघड आहे. तज्ज्ञ लेखक मनात हा भेद बाळगून असतात. परंतु तो वाक्यात उतरतोच असे नाही, आणि वाचकाच्या हाती येते ते वाक्य. महावस्तुमानी ताऱ्यांविषयीच्या वादाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर एकामागून एक ‘मर्यादा’ घोषित झाल्या आणि एकामागून एक ओलांडल्या गेल्या असा भास होतो. वस्तुतः त्यांतील बऱ्याच मर्यादा ओलांडल्या गेल्याच नाहीत. त्या निराळ्याच कशाच्या तरी मर्यादा होत्या.

मुख्य शब्दाकडे वळण्यापूर्वी त्याच्या विशेषणाचा विचार करणे भाग आहे. मराठीत ‘महाकाय’, ‘प्रचंड’, ‘राक्षसी’ ही विशेषणे ताऱ्यांना सढळ हाताने लावली जातात, आणि वाचक त्यांवरून आकाराची कल्पना करतो. कारण काया म्हणजे शरीर, आणि शरीर डोळ्यांना दिसते. परंतु येथे प्रश्न आकाराचा नसून वस्तुमानाचा आहे. मृग नक्षत्रातील काक्षी हा तारा सूर्याच्या जागी आणून ठेवला तर मंगळाची कक्षा त्याच्या पोटात जाईल, इतका तो फुगलेला आहे. त्याची त्रिज्या सूर्याच्या सातशेपटींच्या आसपास मानतात. पण त्याचे वस्तुमान सूर्याच्या वीसपटींहूनही कमी आहे. ह्याउलट मोठ्या मॅगेलनी मेघातील ‘आर १३६ ए १’ ह्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या चाळीसपटींच्या आसपास, म्हणजे काक्षीपुढे तो ठेंगणाच. आणि वस्तुमान मात्र सूर्याच्या दोनशेपटींच्या घरात. तेव्हा काक्षी हा महाकाय खरा. ‘आर १३६ ए १’ हा महावस्तुमानी. सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाचे तारे ह्या वर्गात घालण्याची रूढी आहे, कारण अंती त्यांचा गाभा कोसळतो. हा शब्द जड आहे हे मला मान्य आहे. परंतु जो शब्द चुकीचे चित्र उभे करीत नाही तो जड असला तरी पत्करावा, अशा मताचा मी आहे.

आता मूळ प्रश्न. ताऱ्याच्या वस्तुमानाला वरचे टोक का असावे, ह्याचे पहिले व्यवस्थित उत्तर आर्थर एडिंग्टन ह्यांनी ताऱ्यांच्या अंतर्रचनेवरील आपल्या १९२६ च्या ग्रंथात दिले. त्या ग्रंथातील एक रूपककथा प्रसिद्ध आहे. एका ग्रहावर कायम ढग दाटलेले आहेत आणि तेथील भौतिकशास्त्रज्ञाने तारे कधी पाहिलेले नाहीत. तो वायूच्या गोळ्यांचा विचार करतो : पहिला गोळा दहा ग्रॅमचा, दुसरा शंभरांचा, तिसरा हजारांचा, ह्याप्रमाणे. प्रत्येक गोळ्यात आतला दाब किती अंशी वायूचा आणि किती अंशी प्रकाशाचा, म्हणजे प्रारणाचा, हे तो मांडत जातो. लहान गोळ्यांत जवळजवळ सर्व दाब वायूचा. फार मोठ्या गोळ्यांत जवळजवळ सर्व दाब प्रारणाचा. खरी झुंज होते ती तेहतिसाव्या ते पस्तिसाव्या गोळ्यांच्या दरम्यान. मग ढगांचा पडदा दूर होतो, आणि आकाशात नेमक्या त्याच वस्तुमानांचे गोळे, म्हणजे तारे, दिसतात.

गद्य म्हणून ही कथा सुरेख आहे. तिची परिणामकारकता पडद्यात आहे. नाटकातल्याप्रमाणे तो अखेरच्या क्षणी सरकतो आणि वाचक तर्काला टाळी देतो. परंतु टाळी ओसरल्यावर दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. पहिली, हा मेळ ज्या आकड्यांवर बसला त्यांत ताऱ्यातील द्रव्याचा सरासरी रेणुभार आजच्या मानाने पुष्कळ अधिक धरलेला होता. ताऱ्यांत हायड्रोजनचे प्राबल्य आहे हे सेसिलिया पेन ह्यांच्या १९२५ च्या प्रबंधात दिसून आले होते. पण ते सर्वमान्य होण्यास काही वर्षे लागली. आजचा रेणुभार घातल्यास झुंजीचा पट्टा जवळजवळ दहापटींनी वर सरकतो. विचाराची दिशा त्यामुळे खोटी ठरत नाही. पडद्यामागचे दृश्य मात्र तितके नेमके राहत नाही. दुसरी गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ह्या कथेत गोळे आयते आहेत. ते कोणी जमविले, कशातून जमले, हा प्रश्न तो शास्त्रज्ञ विचारीतच नाही. एडिंग्टनांचे उत्तर ‘टिकणे’ ह्या क्रियापदाचे आहे. ‘घडणे’ ह्या क्रियापदाविषयी ते मौन बाळगते. मौन हा दोष नव्हे. पुढील वाचकांनी त्या मौनाचाही अर्थ लावला, हा दोष.

ह्याच विचारातून पुढे ‘एडिंग्टन मर्यादा’ ही संज्ञा रूढ झाली. तिचे स्पष्टीकरण सामान्यतः असे देतात : वस्तुमान वाढले की दीप्ती त्याहून झपाट्याने वाढते, एका टप्प्यावर प्रकाशाचा बाहेरचा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या आतल्या ओढीस भारी होतो, आणि तेथे ताऱ्याच्या वस्तुमानाची मर्यादा येते. वाक्य सुबोध आहे आणि सदोष आहे. ही मर्यादा मुळात वस्तुमानाची नसून दीप्तीची आहे. अमुक वस्तुमानाचा तारा स्थिर राहून जास्तीत जास्त किती उजळू शकेल, एवढेच ती सांगते. आयनीभूत हायड्रोजनसाठी सूर्याच्या एका वस्तुमानामागे सूर्याच्या सुमारे तीस-पस्तीस हजारपट दीप्ती, असे हे प्रमाण आहे. शिवाय, वस्तुमानाबरोबर दीप्ती झपाट्याने वाढण्याचा नियम मध्यम ताऱ्यांना लागू पडतो. वस्तुमान जसजसे फार मोठे होते तसतसा हा वेग मंदावतो आणि अखेरीस दीप्ती वस्तुमानाच्या जवळजवळ सम प्रमाणात वाढू लागते. म्हणजे तारा त्या रेषेच्या जवळ जवळ जात राहतो. एडिंग्टनांच्या स्वतःच्या समीकरणातही तो ती ओलांडीत नाही. जवळ गेल्याचे परिणाम होतात. बाहेरचे थर सैल पडतात, द्रव्याचा वारा जोराने वाहू लागतो आणि तारा स्वतःलाच झिजवू लागतो. पण ह्या झिजेला भिंत म्हणता येत नाही. चढाची दमछाक होते म्हणून तेथे वाट बंद आहे, असे कोणी म्हणत नाही.

ह्या संदर्भात ‘चंद्रशेखर मर्यादा’ ही संज्ञा शेजारी ठेवून पाहावी. श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपुढे गेले तर त्याला तोलून धरणारी समतोलाची अवस्थाच उरत नाही. येथे समीकरण खरोखर नकार देते. (१९३५ च्या जानेवारीत लंडनच्या सभेत ह्याच निष्कर्षाची एडिंग्टनांनी जाहीर खिल्ली उडविली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. आपल्या नावाची मर्यादा इतकी लवचीक, आणि तरुण भारतीयाची इतकी कठोर, ह्यातील विनोद त्यांना कधी जाणवला की काय कोण जाणे.) एकच ‘मर्यादा’ शब्द ह्या दोन्ही ठिकाणी वापरला की कठोर मर्यादेचे वजन लवचीक मर्यादेलाही आपोआप लाभते. १९५९ मध्ये श्वार्झशिल्ड आणि हार्म ह्यांनी दाखविले की सूर्याच्या सुमारे साठपटींपुढे ताऱ्याच्या अंगी स्पंदने उठून वाढत जातात. तीही बरीच वर्षे मर्यादा म्हणून वावरली. पुढील गणितांत आढळले की ती स्पंदने ताऱ्याला फोडीत नाहीत, फार तर त्याचे थोडे द्रव्य झटकून टाकतात. मर्यादेची पुन्हा झीज झाली.

‘मर्यादा’ ह्या शब्दाचा स्वभाव येथे पाहिला पाहिजे. संस्कृतात तो किनारा, हद्द, आणि त्यावरून आचाराची हद्द ह्या अर्थांनी वावरतो. मराठीत त्याचा नैतिक अर्थ अधिक बळावला. आपण मर्यादा पाळतो, सोडतो, ओलांडतो. म्हणजे ओलांडता येणे हे ह्या शब्दाच्या अर्थातच आहे, आणि ओलांडणाऱ्याकडे थोडे धाडस वा थोडा उद्धटपणा येतो. वृत्तपत्रांतून ‘मर्यादा झुगारणारा तारा’ अशी जी शीर्षके सुचतात त्यांचे मूळ येथे आहे. ह्याउलट ‘शीव’ ही दोन गावांमधली रेषा. तिच्या पलीकडेही जमीन असते. ‘कमाल’ हा अरबीतून आलेला शब्द मूळचा पूर्णतेचा. मराठी व्यवहारात तो सर्वांत मोठ्या प्रमाणाचा झाला, आणि १९६१ च्या शेतजमिनीच्या कायद्यात तो ‘कमाल मर्यादा’ असा जोडीने आला. ‘इयत्ता’ हा तर ह्या कामासाठी उत्तम शब्द होता, कारण त्याचा अर्थच ‘इतकेपणा’. पण तो आपण शाळेत बसविला आणि आता तेथून उठविता येत नाही.

आता ‘घडणे’ ह्या क्रियापदाकडे येऊ. तारा घडतो तो वायू आणि धूळ ह्यांच्या थंड ढगातून, गुरुत्वाकर्षणाने द्रव्य आत कोसळून. धुळीचे कण प्रकाशाला मुक्त इलेक्ट्रॉनांहून कितीतरी पटींनी अधिक अडवितात. त्यामुळे मध्यभागी तेजस्वी तारा पेटला की त्याचा प्रकाश ह्या धुळीला, आणि धुळीबरोबर वायूला, बाहेर रेटतो. द्रव्य आत येण्याचे थांबले की वाढ खुंटली. १९७४ मध्ये कान ह्यांनी ह्या विचाराने सूर्याच्या सुमारे चाळीसपटींचा आकडा काढला. १९८७ मध्ये वुल्फायर व कॅसिनेली ह्यांनी सांगितले की शंभरपटींचा तारा घडावयाचा तर ढगातील धूळ नेहमीपेक्षा पुष्कळ कमी असली पाहिजे. गंमत अशी की चाळीसपटींहून जड मानले जाणारे तारे तेव्हा आकाशात ठाऊक होते. जॉन प्लास्केट ह्यांनी १९२२ मध्ये वर्णिलेली जोडी त्यांतलीच. तेव्हा कानांची मर्यादा ही मर्यादा नसून कोडे होते : जे घडू शकत नाही ते आहे कसे?

कोड्याचे उत्तर एका विशेषणात लपलेले होते, आणि ते विशेषण निष्कर्षाच्या वाक्यात नव्हते. गृहीतकाच्या वाक्यात होते. ते म्हणजे ‘गोलाकार’. द्रव्य सर्व बाजूंनी सारखे आत येते आणि प्रकाश सर्व बाजूंनी सारखा बाहेर जातो, असे धरले होते. परंतु ढगाला फिरकी असते, आणि फिरणारे द्रव्य मध्याभोवती तबकडीसारखे पसरते. तबकडीच्या पातळीत ते आत सरकते. प्रकाशाला मात्र वर-खाली, ध्रुवांच्या बाजूंना, मोकळी वाट मिळते. चुलीला धुराडे मिळावे तसे हे झाले. यॉर्क आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ पासून हा परिणाम गणिताने मांडला. २००९ मध्ये क्रुमहोल्झ आदींच्या त्रिमितीय गणनेत एका जोडीतील मोठा तारा चाळीसपटींच्या किंचित पुढे गेला आणि वाढ थांबलेली नव्हती. २०१० मध्ये कायपर आदींच्या गणनेत तबकडीतून पोसलेला तारा शंभरपटींच्या पलीकडे गेला. अशी तबकडी केवळ कागदावरची नव्हे : २०२३ मध्ये चिलीतील ‘आल्मा’ दुर्बिणीने मोठ्या मॅगेलनी मेघातील एका तरुण महावस्तुमानी ताऱ्याभोवती फिरती तबकडी टिपली, आपल्या आकाशगंगेबाहेर ती प्रथमच दिसली. ह्याचा अर्थ कानांचे गणित चुकले होते असा नव्हे. गोलाकार ढगाविषयी ते खरेच होते. निष्कर्ष उद्धृत करणाऱ्यांनी विशेषण गाळले, आणि गृहीतकाची मर्यादा ही ताऱ्याची मर्यादा होऊन बसली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर उपाधी गळून विधान अतिव्याप्त झाले.

निर्मितीच्या चर्चेत आणखी एक शब्द बेसावधपणे येतो, तो ‘जन्म’. ताऱ्याचा जन्म ही रूढ लक्षणा होय आणि सूर्यासारख्या ताऱ्याबाबत ती खपून जाते. तेथे द्रव्य आधी जमते. मग तो गोळा काही कोटी वर्षे सावकाश आकुंचन पावतो. आणि मग हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर सुरू होते. गर्भावस्था आणि जन्म असा क्रम लावता येतो. महावस्तुमानी ताऱ्याचे आकुंचन काही दशसहस्र वर्षांत उरकते, पण द्रव्य जमण्यास लक्षभर वर्षे लागू शकतात. म्हणजे तो अजून वाढत असतानाच त्याच्या पोटात हायड्रोजन जळू लागलेला असतो, आणि कोशातून बाहेर दिसण्यापूर्वीच तो प्रौढ झालेला असतो. तेव्हा ‘जन्मवेळचे वस्तुमान’ हा आकडा कोणत्या क्षणाचा? प्रतिमानाच्या सोयीसाठी तो क्षण ठरविता येतो, ठरवावाही लागतो. परंतु वाचकाला तो पाळण्यातल्या वजनासारखा मोजलेला वाटतो. ही लक्षणा सोडा असे मी म्हणत नाही. जेथे तिच्यावर आकडा टांगावयाचा असेल तेथे मुख्यार्थ सांगावा, एवढेच.

राहिले ‘आढळणे’. २००५ मध्ये डोनाल्ड फिगर ह्यांनी आकाशगंगेच्या केंद्राजवळील आर्चेस तारकागुच्छाची गणती केली. नेहमीच्या प्रमाणाने तेथे सूर्याच्या १३० पटींहून जड असे अठरा तारे हवे होते, एकही नव्हता. त्यावरून १५० पटींची मर्यादा निघाली आणि ती निःसंदिग्ध मानली गेली. अनुपस्थितीवरून अनुमान करण्यास हरकत नाही. आपल्या न्यायशास्त्राने अनुपलब्धीचा विचार पुष्कळ केला आहे, आणि अट घातली आहे की वस्तू असती तर दिसलीच असती, असे आधी सिद्ध व्हावे. सर्वांत जड तारे दोन-तीन दशलक्ष वर्षांत संपतात. गुच्छाचे वय थोडे अधिक धरले, तर हवे असलेले तारे घडून, जगून, नाहीसे झालेले असू शकतात. मृतांच्या गैरहजेरीवरून त्यांच्या जन्माची अशक्यता कशी ठरवावी? मग २०१० मध्ये क्राउथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आर १३६ ए १’ चे वस्तुमान सूर्याच्या २६५ पटी आणि आरंभीचे सुमारे ३२० पटी असल्याचे प्रसिद्ध केले. मर्यादा पुन्हा ‘ओलांडली’ गेली. पण ओलांडली गेली ती आढळलेली कमाल. पूर्वीचा सर्वांत उंच माणूस गेला आणि अधिक उंच आला, तर मानवी शरीराचा नियम मोडला असे आपण म्हणत नाही.

ह्या ताऱ्याच्या कहाणीत मला सर्वांत बोधक वाटते ती ‘एक’ ह्या संख्याविशेषणाची गोष्ट. टॅरांटुला अभ्रिकेच्या मध्यातील ‘आर १३६’ हा तेजःपुंज ठिपका एकच तारा आहे असे धरून १९८१ मध्ये त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे अडीच हजारपटी असल्याचे मांडले गेले. (मांडणाऱ्यांत कॅसिनेली होते, सहा वर्षांनी शंभरपटींच्या ताऱ्याची अडचण सांगणारे तेच. शास्त्रज्ञाने दोन्ही टोके प्रामाणिकपणे धरून पाहावीत ह्याचे मला कौतुक वाटते.) १९८५ मध्ये वायगेल्ट आणि बायर ह्यांनी त्या ठिपक्याच्या तेजस्वी भागात किमान आठ तारे वेगळे करून दाखविले. पिस्मिस २४ गुच्छातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान दोनशेपटींच्या वर मानले जाई. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने त्याचे दोन केले, आणि त्या दोहोंतील एक पुन्हा जोडी निघाली. २०२२ मध्ये जेमिनी दुर्बिणीच्या अधिक रेखीव चित्रांत ‘आर १३६ ए १’ चा प्रकाश शेजाऱ्यांपासून अधिक नीट वेगळा करता आला, तेव्हा २६५ चा आकडा सुमारे १९६ वर आला. तारा हलका झाला नाही. ‘एक’ ह्या शब्दाचा निर्देश अरुंद झाला. येथे लक्षात ठेवावयाचे की हा तारा कोणी तराजूत तोललेला नाही. त्याच्या भोवती फिरणारा, कक्षेवरून वजन सांगणारा साथी सापडलेला नाही. त्याचे वस्तुमान त्याच्या दीप्तीवरून आणि वर्णपटावरून प्रतिमानाच्या साहाय्याने काढलेले आहे. दीप्तीत दुसऱ्याची भर असेल तर वस्तुमानातही ती येते.

आणि ‘एक’ ची अडचण येथेच संपत नाही. साना आणि सहकारी ह्यांच्या २०१२ च्या पाहणीनुसार महावस्तुमानी ताऱ्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात केव्हातरी जोडीदाराशी द्रव्याची देवघेव करतात. काही जोड्या तर मिळून एक होतात. शंभर-शंभरपटींचे दोन तारे एक झाले आणि दोनशेपटींचा तारा सिद्ध झाला, तर तो कोणत्या मर्यादेचा भंग करतो? टिकण्याच्या मर्यादेचा नाही, कारण तो टिकला आहे. द्रव्य जमण्याच्या मर्यादेचाही नाही. ढगातून दोनशेपट द्रव्य एका जागी कधी जमलेच नाही. ‘आर १३६’ मधील अतिजड तारे अशा संयोगांतून आले असावेत असा एक पक्ष २०१२ पासून मांडला गेला आहे. त्याचा निकाल लागलेला नाही.

त्या प्रबंधिकेचे परिशिष्ट आज माझ्यापुढे आले तर पहिल्या उताऱ्यात मी ‘स्थैर्यसीमा’ सुचवीन, दुसऱ्यात ‘संचयमर्यादा’, आणि तिसऱ्यात नुसते ‘आजवर आढळलेली कमाल’. शेवटचा प्रतिशब्द नसून वाक्यांश आहे. पण ‘आजवर’ हा शब्द त्यातून काढण्यास मी तयार नाही. संयोगातून झालेल्या ताऱ्यासाठी मजजवळ शब्द नाही. ‘संचय’ तेथे खोटा पडतो आणि ‘जन्म’ तर त्याहून खोटा. विभागातील विद्यार्थ्यांना काही सुचल्यास त्यांनी अवश्य कळवावे. प्रबंधिकेची प्रत ग्रंथालयात आहे. शेरा शाईचा असल्यामुळे तो खोडता येत नाही. त्याच्याखाली आजची तारीख घालून ‘सुसंगत, म्हणूनच तपासण्याजोगी’ एवढे लिहून आलो आहे.